संध्याकाळी गाडी कोण चालवणार? वाइनच्या गावाची सहल आखताना



मागच्या भागात आपण युरोपच्या व्हिसाची कागदपत्रं पाहिली. आज त्या व्हिसावर कुठं जायचं, याचं एक उदाहरण घेऊ. विषय जरा वेगळा आहे. वाइन चाखायला एखाद्या छोट्या गावी जायचं असेल, तर आखणी कशी करायची? जे घेत नाहीत त्यांनीही उठून जाऊ नये. या सहलीत न घेणाऱ्या माणसाचं काम मोठं असतं, ते पुढे कळेलच.

गाव आहे मॉन्तेफाल्को. इटलीच्या मधोमध उंब्रिया नावाचा प्रांत आहे, त्याला समुद्र नाही. संत फ्रान्सिसचं असिसी याच प्रांतात. तिथून जवळच एका टेकडीवर तटबंदीच्या आत वसलेलं हे गाव. वस्ती जेमतेम पाच-सहा हजार. मधे गोल चौक, चौकातून खाली उतरणाऱ्या गल्ल्या, आणि तटाबाहेर डोकावलं की चारी बाजूंना द्राक्षमळे आणि ऑलिव्हची झाडं.

आता आधी माझी फजिती सांगतो, कारण आजचा सगळा धडा त्यातूनच आला आहे.

फौजेत आयुष्य काढलेला माणूस, त्यामुळे वेळापत्रक म्हणजे माझा हातखंडा, असा माझा समज. मी एका दिवसात चार वायनरी बसवल्या. दहा वाजता पहिली, बारा वाजता दुसरी, दोन वाजता तिसरी, चार वाजता चौथी. मधला रस्ता प्रत्येकी पंधरा मिनिटं. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात पहिल्याच ठिकाणी मालक मळा दाखवायला घेऊन गेला आणि सव्वादोन तास गेले. दुसऱ्या ठिकाणाहून निघेपर्यंत तिसरी वायनरी दुपारच्या जेवणाला बंद झाली होती. चौथीला पोचलो ते एक तास दहा मिनिटं उशिरा.

तिथं एक आजीबाई वाट पाहत होत्या. आमच्यासाठी म्हणून तीन बाटल्या उघडलेल्या. पाव कापून ठेवलेला, त्याच्या कडा सुकून गेलेल्या. छोट्या घरात बाटली उघडणं म्हणजे ती विकण्याजोगी राहत नाही, हे मला तेव्हा उमगलं. त्या काही बोलल्या नाहीत. दोन ग्लास पुढे ठेवले आणि विचारलं, या दोन्हींत काय फरक वाटतो? माझी जीभ तोवर बधिर झाली होती. मला काहीच सांगता येईना. आमच्या सौ. घेत नाहीत, त्यांनी दिवसभर नुसता वास घेतला होता. त्या म्हणाल्या, "याला आमसुलांचा वास आहे आणि त्याला जुन्या लाकडी कपाटाचा." मी भाषांतर केलं. आजीबाईंचा चेहरा खुलला. एकच वाइन होती, दोन वेगळ्या वर्षांची.

म्हणून नियम पहिला: दिवसाला दोन वायनरी. एक सकाळी, एक दुपारनंतर. तिसरी नाही.

आधी ठरवा, काय चाखायचं आहे

वाइनच्या प्रत्येक गावाची एक ओळख असते. ती वाचून गेलात तर तिथं बोलायला विषय मिळतो. मॉन्तेफाल्कोची ओळख म्हणजे साग्रांतीनो नावाचं काळं द्राक्ष. त्याची जाड साल आणि त्यातला तुरटपणा प्रसिद्ध आहे. इंग्रजी पुस्तकं ज्याला टॅनिन म्हणतात, त्याला आपल्याकडे सरळ शब्द आहे: तुरट. कच्चं जांभूळ खाल्लं की जीभ ओढल्यासारखी होते, हिरडा चघळला की गाल आत जातात, चहा फार उकळला की घशाशी कोरडं लागतं. तीच ही चव. साग्रांतीनो त्यात अव्वल.

या तुरटपणामुळेच तिथले लोक पूर्वी या द्राक्षाची मुख्यतः गोड वाइन करत. त्याला पासीतो म्हणतात. द्राक्षं तोडून निदान दोन महिने मांडण्यांवर वाळवायची, आटून गोडवा वाढला की मग त्यांचा रस काढून आंबवायचा. तासगावकडे बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे लगेच समजेल. फरक इतकाच की आपण बेदाणा करून थांबतो, ते पुढे जातात.

साखर न उरलेली, कोरडी साग्रांतीनो मात्र १९७० च्या दशकात पुढे आली. १९७९ मध्ये तिला सरकारी नामांकन मिळालं आणि १९९२ मध्ये इटलीतला सर्वांत वरचा दर्जा. या चढणीत कापराई घराण्याचा वाटा मोठा आहे. आर्नाल्दो कापराई हे मूळचे कापड उद्योजक, त्यांनी १९७१ मध्ये इथं जमीन घेतली. १९८८ पासून त्यांचा मुलगा मार्को याने कारभार हाती घेतला आणि मिलान विद्यापीठाच्या मदतीने या द्राक्षाचा अभ्यास केला. आज नियम असा आहे की कोरडी साग्रांतीनो निव्वळ याच द्राक्षाची असली पाहिजे आणि किमान ३७ महिने मुरली पाहिजे, त्यातले निदान १२ महिने लाकडी पिंपात. म्हणजे तुमच्या ग्लासात येते ती तीन वर्षांहून जुनी असते.

तिची धाकटी बहीण म्हणजे मॉन्तेफाल्को रोस्सो. त्यात ६० ते ८० टक्के सांजोवेझे द्राक्ष आणि साग्रांतीनो १० ते २५ टक्के. ही मऊ असते. नवख्याने इथून सुरुवात करावी.

गणित, म्हणजे खरं गणित

"चाखायचंच तर आहे, प्यायचं कुठं आहे?" असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होतो. चला, हिशोब करू.

एका वायनरीत साधारण पाच वाइन देतात. प्रत्येक ग्लासात ४० मिली धरा. झाले २०० मिली. साग्रांतीनोत अल्कोहोल बरंच असतं, १४-१५ टक्के सहज. सरासरी साडेचौदा धरली तर त्या २०० मिलीत २९ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे २३ ग्रॅम. फौजेच्या भाषेत सांगायचं तर रमचे सव्वादोन छोटे पेग. दोन वायनरी म्हणजे साडेचार पेग, आणि दिवस अजून मावळलेला नाही.

आता रक्ताचं बघू. ७० किलोच्या पुरुषाने हे २३ ग्रॅम रिकाम्या पोटी घेतले, तर रक्तात लिटरमागे जवळजवळ अर्धा ग्रॅम अल्कोहोल येऊ शकतो. इटलीत गाडी चालवण्याची मर्यादा नेमकी तीच आहे: लिटरला ०.५ ग्रॅम. आपल्याकडची मर्यादा आणखी कडक, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम. थोडक्यात, एकाच वायनरीतून बाहेर पडताना तुम्ही आपल्या कायद्याच्या पलीकडे आणि त्यांच्या कायद्याच्या काठावर असता. स्त्रियांच्या, सडपातळ माणसांच्या आणि आमच्या वयाच्या लोकांच्या शरीरात एकूण पाणी कमी, त्यामुळे आकडा आणखी वर जातो. शरीर तासाला सात-आठ ग्रॅमच काढून टाकतं. एका वायनरीचा निचरा व्हायला तीन तास लागतात. कॉफीने, थंड पाण्याच्या आंघोळीने त्यात काही फरक पडत नाही.

गाडी कोण चालवणार?

म्हणून सहलीची आखणी पहिल्या वायनरीपासून करू नका. संध्याकाळपासून उलटी करा. रात्री अंथरुणाशी कोण आणि कसं पोचवणार, हे ठरलं की मागे मागे येत बाकीचं बसवा.

यात मी कडक आहे आणि त्याला कारण आहे. मी कॅप्टन असताना एका बड्या खान्यानंतर एक जवान मोटरसायकल काढत होता. मी व्हरांड्यात उभा होतो. मी त्याच्याकडे पाहिलं, तो म्हणाला, "ठीक हूँ साब." मी मान हलवली. तीन किलोमीटरवर एक मोरी होती. त्याच्या वडिलांना पत्र मीच लिहिलं. त्या पत्रात अपघात हा शब्द होता, माझी मान हलली हे नव्हतं. माणूस ठीक आहे की नाही, हे त्यालाच विचारायचं नसतं. ते तो पहिला ग्लास उचलण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

मॉन्तेफाल्कोत चार मार्ग आहेत.

पहिला, चालकासह गाडी. गावात टॅक्सी उभ्या नसतात, त्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. मुक्कामाच्या ठिकाणी मालकाला लिहिलं की तो ओळखीचा माणूस सांगतो. चार जण असाल तर खर्च वाटून परवडतो.

दुसरा, तुमच्यातलाच न घेणारा चालक. त्याच्याकडे भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा. आणि जुन्या गावांच्या तटाच्या आत बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेले भाग असतात. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येतो. गाडी तटाबाहेरच्या तळावरच ठेवा.

तिसरा, पायी. काही मळे गावापासून चालत जाण्याजोगे आहेत. मात्र उतरताना मजा वाटते आणि परतताना चढ असतो.

चौथा, सायकल. पण सायकलला हा कायदा लागू नाही असं समजू नका. इटलीत तो सायकलस्वारालाही लागू आहे.

कधी जायचं, कुठं राहायचं

साग्रांतीनोची तोडणी उशिरा होते, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. तेव्हा मळे बघायला छान, पण मालकाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसते. सुगीत आपल्याकडे पाहुणे आले तर काय होतं, तसंच. ऑगस्टमध्ये ऊन फार, आणि १५ ऑगस्टच्या आसपास सगळी इटली सुट्टीवर जाते. माझी पसंती मे महिन्याला, नाहीतर ऑक्टोबरच्या अखेरीला. त्या वेळी साग्रांतीनोची पानं लाल होतात आणि टेकड्यांचा रंगच बदलतो.

गावाला रेल्वे नाही. रोमहून फोलीन्योपर्यंत रेल्वेने यावं, साधारण दोन तास. तिथून मॉन्तेफाल्को दहा-बारा किलोमीटर. मुक्काम तटाच्या आत केलात तर संध्याकाळी जेवून पायी घरी येता येतं, आणि गाडीचा प्रश्न निम्मा सुटतो. शेतावरच्या घरात राहायचं असेल तर रात्रीचं जेवण तिथं मिळतं का, ते आधी विचारा. अंधारात जेवणासाठी चार किलोमीटर जावं लागलं, तर पुन्हा तोच प्रश्न.

वायनरीला काय लिहायचं

न सांगता जाऊ नका. दोन-तीन आठवडे आधी छोटा ईमेल करा. त्यात सहा गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, किती जण, त्यातले न घेणारे किती, कोणती भाषा चालेल, शाकाहारी कोणी आहे का, आणि शुल्क किती. रविवारी आणि दुपारी एक ते तीन या वेळेत बरंच काही बंद असतं, म्हणून सकाळी साडेदहा आणि दुपारी चार या वेळा सोयीच्या. उशीर होणार असेल तर फोन करा. आजीबाईंचा तो सुकलेला पाव आठवा.

दोन वायनरी निवडताना एक मोठी आणि एक घरगुती घ्या. मोठ्या ठिकाणी इंग्रजी बोलणारा माणूस, नीट फेरफटका, सगळी प्रक्रिया समजते. बेवान्याच्या बाजूला कास्तेलब्वोनोची वायनरी तर नुसती इमारत पाहायलाही जावी. शिल्पकार आर्नाल्दो पोमोदोरो यांनी ती कासवाच्या पाठीसारखी, तांब्याने मढवलेली घडवली आहे. २०१२ पासून ती उभी आहे. घरगुती ठिकाणी मात्र माणसं भेटतात. दोन्हींची चव वेगळी.

ग्लास हातात आल्यावर

सकाळी अत्तर लावू नका. वायनरीत जाण्याआधी सुपारी, तंबाखू, बडीशेप, पुदिन्याची गोळी काही नको. पोटात काहीतरी असू द्या. प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी प्या.

आधी रंग बघा, मग वास घ्या, मग छोटा घोट तोंडात फिरवा. त्यानंतर थुंका. होय, थुंका. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं. आपल्या लोकांना याची फार लाज वाटते. मी म्हणतो, ज्यांच्या आजोबांच्या बैठकीत पितळी पिकदाणी होती, त्यांनी लाजायचं काय कारण? तिथं थुंकणारा माणूस जाणकार समजला जातो. आणि मघाचं सगळं गणित या एका सवयीने बरंच खाली येतं, शून्य मात्र होत नाही. म्हणून थुंकलात तरी चालक वेगळाच हवा.

क्रम हलक्याकडून जडाकडे: आधी ग्रेकेत्तो किंवा त्रेब्बियानो स्पोलेतीनो ही पांढरी, मग रोस्सो, मग साग्रांतीनो, शेवटी गोड पासीतो. चवींना नावं देताना पुस्तकातली फळं शोधत बसू नका. करवंद, जांभूळ, आमसूल, भिजलेली माती, आजीची ट्रंक, जे आठवेल ते म्हणा. आपल्या आठवणींतल्या वासांची यादी कोणापेक्षा कमी नाही.

रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांपैकी काही चालू असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि इतक्या लांब जाण्याआधी रंगीत तालीम हवी असेल, तर नाशिक आहे, बेंगळुरूजवळचा नंदी हिल्सचा भाग आहे. तिथं एक दिवस चाखायला आणि थुंकायला शिका.

चार दिवसांचा आराखडा

पहिला दिवस: पोचणं आणि गाव पाहणं. वायनरी नाही. सेंट फ्रान्सिसच्या जुन्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. त्याच्या भिंतींवर बेनोत्सो गोत्सोली याने १४५२ मध्ये संताचं चरित्र रंगवलं. रात्री जेवणाबरोबर एक ग्लास रोस्सो. जेवणात तव्यासारख्या तबकडीवर भाजलेली तोर्ता अल तेस्तो मागवा, आपल्या जाड भाकरीची चुलत बहीण. शाकाहारी लोकांचं स्त्रांगोत्सी नावाच्या लांब शेवयांवर आणि डाळीच्या सूपवर नीट भागतं. मात्र सूप मांसाच्या रसात केलंय का, ते विचारा. तिथला पाव बिनमिठाचा असतो, बिघडलेला नसतो.

दुसरा दिवस: सकाळी मोठी वायनरी, जेवण, विश्रांती, दुपारी चारला घरगुती.

तिसरा दिवस: जिभेला सुट्टी. कोणी स्पोलेतोला जातं, कोणी असिसीला. आम्ही मॉन्तोनेला गेलो. पेरुजियाच्या उत्तरेला, गाडीने तासाभराहून थोडं अधिक. १० जुलै १९४४ रोजी वरच्या तायबर खोऱ्यात मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे या २२ वर्षांच्या नाईकाने एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली. तुकडीतले बाकीचे पडले होते. ठाणं त्याने घेतलं आणि तिथंच त्याला गोळी लागली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही, कासीनोच्या स्मारकावर नाव आहे. मॉन्तोनेच्या लोकांनी २०२३ मध्ये त्याच्या नावाने सूर्यतबकडीचं स्मारक उभारलं. माणगावात त्याचा पुतळा मी पाहिला होता. त्याच माणसाची सावली इथं दुपारचे किती वाजले ते दाखवत होती. मी तोफखान्यातला, मराठा पलटणीतला नव्हे, पण सलाम केला. हा दिवस मी सर्वांना सांगतो. आपलं कोणी तिथं आहे, हे माहीत असलं की त्या टेकड्या परक्या वाटत नाहीत.

चौथा दिवस: पुन्हा दोन वायनरी, आणि खरेदी याच दिवशी. तोवर तुम्हाला काय आवडतं ते कळलेलं असतं.

परत येताना

भारतात येताना माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. नेहमीची बाटली ७५० मिलीची. दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतली की सव्वादोन, म्हणजे मर्यादेबाहेर. पण पासीतो ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत मिळते. दोन मोठ्या आणि एक छोटी मिळून एक लिटर ८७५ मिली. बरोबर बसतं. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात ठेवा. वडोदरा, सुरत किंवा पाटण्याला राहणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावं की गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे. विमानतळावरचा नियम घरापर्यंत चालत नाही. तुमची बाटली तिथंच, जेवणाच्या टेबलावर संपवा.

आम्ही महूला राहतो. घरी आणलेल्या दोन बाटल्यांपैकी एक मागच्या दिवाळीत उघडली. दोन मित्र सपत्नीक आले होते, दोघेही माझ्यासारखेच निवृत्त, दोघेही स्वतःच्या गाडीने आलेले. सौ.नी बाटली उघडण्याआधी गाड्यांच्या किल्ल्या मागून घेतल्या, डब्यात टाकल्या आणि बाहेरच्या खोलीत गाद्या घातल्या. एक मित्र म्हणाला, "अरे, दोन ग्लासांनी काय होतंय? मी ठीक आहे."

मी मान हलवली नाही.

सकाळी पोहे खाऊन दोघे घरी गेले. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.